एकाही मुलाला डाएटवर न ठेवता: समरव्हिल शहराची पूर्ण केस

लहान मुलांच्या लठ्ठपणाचा विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी आईवर येते. काय खायला घालते, टीव्ही का लावून देते, खेळायला बाहेर का पाठवत नाही. आणि मग मुलावर, हा हलतच नाही, तोंडावर ताबाच नाही याचा. सहा-सात वर्षांच्या पोराकडून आपण संयमाची अपेक्षा ठेवतो आणि ज्या शाळेत, ज्या रस्त्यावर, ज्या कॅन्टीनमध्ये ते पोरगं दिवस काढतं त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणूनच मला ही केस सगळ्यांनी नीट वाचावी असं वाटतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनला अगदी खेटून समरव्हिल नावाचं छोटं शहर आहे. तिथे २००२ ते २००५ या काळात ‘शेप अप समरव्हिल’ नावाचं काम झालं. त्यात कोणत्याही मुलाला डाएट दिलं नाही, जाड मुलांना वेगळं काढून रांगेत उभं केलं नाही, जे काही बदललं ते मुलांच्या आजूबाजूचं बदललं. आणि मुलांच्या वजनाचा आकडा हलला. थोडाच हलला, पण हलला.

आधी शहर कसं आहे ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. क्षेत्रफळ जेमतेम चार चौरस मैल, २००० च्या जनगणनेत लोकसंख्या ७७ हजारांच्या वर, म्हणजे त्या भागातल्या सगळ्यात दाट वस्तीच्या शहरांपैकी एक. पूर्वी आयरिश, इटालियन कामगारांची वस्ती, नंतर ब्राझील, एल साल्वादोर, हैती, पोर्तुगाल इथून आलेली कुटुंबं. शाळेत मुलं इंग्रजी बोलणार आणि घरी पोर्तुगीज, स्पॅनिश नाहीतर हैतियन क्रिओल. एकाला एक चिकटलेली लाकडी घरं, अरुंद रस्ते, मोकळी मैदानं कमी, पूर्वेकडून हायवे शहर कापत गेलेला. अर्ध्याहून जास्त मुलं शाळेत फुकट किंवा सवलतीच्या दरातल्या जेवणाला पात्र. म्हणजे आईबाप दोन-दोन नोकऱ्या करणारे, संध्याकाळी पोराला ग्राउंडवर घेऊन जायला कोणाकडे वेळ नाही. पहिली ते तिसरीच्या मुलांची उंची-वजनं मोजली तेव्हा ४० टक्क्यांहून जास्त मुलं जास्त वजनाच्या गटात निघाली. इतक्या लहान वयात! चाळीस टक्के मुलांच्या आया एकदम निष्काळजी झाल्या असं तर कोणी म्हणणार नाही ना. इतकी मुलं एकाच वेळी एकाच दिशेला सरकतात तेव्हा कारण प्रत्येकाच्या घरात वेगवेगळं शोधून हाती काही लागत नाही, सगळ्यांना जे समान आहे तिकडे बघावं लागतं.

तेच टफ्ट्स युनिव्हर्सिटीतल्या पोषणशास्त्रज्ञ क्रिस्टिना इकोनॉमोस आणि त्यांच्या टीमने केलं. टफ्ट्सचा कॅम्पस समरव्हिल आणि मेडफर्डच्या हद्दीवरच आहे, त्यामुळे ही बाहेरून आलेली मंडळी नव्हती, शेजारीच होते म्हणा. अनुदान दिलं सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारची रोगनियंत्रण संस्था. शिवाय एका आरोग्य विमा कंपनीने आणि खाद्य उद्योगातल्या काहींनीही हातभार लावला होता, हे इथेच सांगून ठेवते, कारण अशा कामात पैसा कुठून आला ते वाचणाऱ्याला माहीत असायला हवं.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की पहिलं वर्ष त्यांनी मुलांसोबत काहीच सुरू केलं नाही. २००२ चा शरद ते २००३ चा उन्हाळा हा काळ निव्वळ लोकांशी बोलण्यात गेला, शिक्षक, पालक, मुलं, कॅन्टीनचा स्टाफ, नगरपालिका, स्थानिक संस्था. या पद्धतीला कम्युनिटी बेस्ड पार्टिसिपेटरी रिसर्च म्हणतात, नाव मोठं आहे पण मतलब सरळ आहे की ज्यांच्यावर प्रयोग करायचा त्यांनाच आराखडा बनवायला बसवायचं. अनुदान तीन वर्षांचं आणि त्यातलं एक वर्ष मीटिंगमध्ये घालवायचं, हे ऐकून कुठल्याही पैसे देणाऱ्याच्या पोटात गोळा येईल. पण नंतर जे टिकलं ते या वर्षामुळे टिकलं असं माझं ठाम मत आहे. यात ओढाताण पण असते, म्हणजे संशोधकाला तुलनेसाठी दुसरी शहरं हवी असतात, मोजमाप हवं असतं, सगळीकडे एकसारखं राबवायला हवं असतं, आणि शहरातल्या माणसाला हवं असतं की माझ्या शाळेसमोरचा रस्ता आधी नीट करा. दोघांची गरज खरी आहे आणि दोघांना एका टेबलावर बसवायला वेळ लागतोच.

१२५ कॅलरीचा हिशोब

टीमने स्वतःसमोर ठेवलेलं टार्गेट ऐकलं तर हसू येईल इतकं छोटं होतं. मूल वाढतं तेव्हा त्याची खाण्याची गरज आणि शरीराचा ऊर्जेचा खर्च दोन्ही वाढतातच, त्याच्यावर दिवसाला साधारण १२५ किलोकॅलरीपर्यंतचा खर्च वाढावा, एवढंच. आणि सोबत खाण्याचा दर्जा सुधारावा. १२५ म्हणजे किती, तर ३५५ मिलीच्या सोड्याच्या कॅनमध्ये १४०-१५० कॅलरी असतात, म्हणजे एका कॅनपेक्षाही कमी.

पण नीट विचार केला तर हे टार्गेट फार हुशारीने ठेवलेलं आहे. मुलांचं वजन काय एका रात्रीत वाढत नाही, रोज थोडं थोडं शिल्लक पडत जातं आणि दोन-तीन वर्षांनी अंगावर दिसतं. जे रोजच्या थोड्याने बिघडलंय ते रोजच्या थोड्यानेच सावरता येतं, आणि वाढत्या वयाच्या मुलाचं वजन उतरवायची बऱ्याचदा गरजच नसते, वाढीचा वेग जरा कमी केला की उंची वाढत जाते आणि शरीर आपोआप मापात येतं. मोठ्या माणसाला ही सवलत नाही, मुलांना आहे. म्हणून तर हे काम पहिली-दुसरीत करायचं, कॉलेजात गेल्यावर नाही.

मग टीमने हा १२५ चा आकडा मुलाच्या अख्ख्या दिवसावर पसरवला. शाळेआधी, शाळेत, मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, घरी, आणि शहरात फिरताना, जिथे जिथे मूल असतं तिथे थोडं थोडं. सकाळचा नाश्ता शाळेत, शक्य तिथे चालत शाळेत येणं, वर्गात खाणं आणि हालचाल यावर छोटे धडे, मधल्या सुट्टीत खेळायला नवं साहित्य, शाळेनंतरच्या क्लबमध्ये स्वयंपाक, नाच, योगा, सॉकर. यातलं एकही काम एकट्याने फरक पाडेल असा कोणाचा दावा नव्हता.

कॅन्टीन

या केसमधली खरी लढाई शाळेच्या स्वयंपाकघरात झाली असं मला वाटतं, आणि बहुतेक जण ती एका ओळीत उरकतात, “शाळेचं जेवण सुधारलं” म्हणून. इतकं सोपं नसतं हो ते.

अमेरिकेत शाळेचं जेवण १९४६ पासूनच्या राष्ट्रीय स्कूल लंच प्रोग्रामखाली चालतं. प्रत्येक थाळीमागे सरकारकडून ठरलेली रक्कम मिळते आणि कॅन्टीनने आपला खर्च त्यातूनच भागवायचा असतो, म्हणजे पगार, वीज, सामान सगळं. ती रक्कम पुरत नाही म्हणून बऱ्याच शाळा थाळीच्या बाजूला सुटे पदार्थ विकायच्या, आइस्क्रीम, चिप्स, कुकी, गोड पेयं. हा सुटा माल कॅन्टीनला जगवायचा. म्हणजे ज्या गोष्टीने पोरांचं नुकसान होतंय तिच्यावरच कॅन्टीनच्या बायकांचा पगार निघतोय अशी अवस्था. आता तुम्ही बाहेरून येऊन म्हणालात की आइस्क्रीम बंद करा, तर त्या मॅनेजरने वर्षअखेरीला हिशोब कुठून जुळवायचा? ती वाईट आहे का? तिला मुलांची काळजी नाही का? तिला सगळ्यात जास्त आहे, रोज ताट वाढणारी तीच आहे, पण तिच्या हातात जे कोष्टक दिलंय त्यात मुलांची तब्येत नावाचा रकानाच नाही.

शिवाय ताजी भाजी-फळं आणायची म्हटलं की ती धुवायची, सोलायची, चिरायची, थंड ठेवायची, आणि बऱ्याच शाळांची स्वयंपाकघरं तयार फ्रोजन माल गरम करण्यापुरतीच बांधलेली. ओव्हन आहे पण चिरायला जागा नाही, फ्रीज आहे पण फळांच्या पेट्या मावत नाहीत. आणि माणसं तेवढीच, वेळ तेवढाच. अगदी साधं उदाहरण घ्या, सफरचंद. पहिली-दुसरीतल्या पोरांचे पुढचे दात पडलेले असतात. अख्खं सफरचंद त्याच्या ताटात ठेवलं तर ते चावणार कसं? एक-दोनदा दाताने खरवडणार आणि कचऱ्यात टाकणार. मग रिपोर्टमध्ये येणार “मुलं फळं खात नाहीत”. तेच सफरचंद फोडी करून दिलं तर खातं, पण शेकडो सफरचंदांच्या फोडी करायला कोणाचे तरी हात लागतात आणि त्या हातांचा पगार कुठल्या तरी बजेटमधून यावा लागतो. लठ्ठपणा रोखणं म्हणजे शेवटी हेच असतं, सफरचंद कोण चिरणार आणि त्याचे पैसे कोण देणार.

समरव्हिलमध्ये हे ओळखून काम झालं. आधी स्टाफला ट्रेनिंग दिलं, काही उपकरणं घेतली, ताज्या फळं-भाज्यांचं प्रमाण वाढवलं, महिन्याचं एक फळ किंवा भाजी ठरवून त्याचीच चर्चा वर्गात आणि कॅन्टीनमध्ये, आणि मुलांना आधी थोडं थोडं चाखायला देऊन मग ते मेनूवर आणलं. चाखायला देण्याची गोष्ट क्षुल्लक वाटते पण तशी नाही. नवीन चव मुलाला स्वीकारायला बऱ्याचदा आठ-दहा वेळा समोर यावी लागते, हे बालआहारावरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. काटकसरीत घर चालवणारी आई आठ वेळा नावडती भाजी आणून टाकून देऊ शकत नाही, तिला परवडत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच ती म्हणणार जाऊ दे, जे खातो ते देते. शाळेला मात्र हे परवडू शकतं, कारण नुकसान एका घरावर पडत नाही. समाजाने मिळून करण्याचं काम म्हणजे काय याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

पांढरे पट्टे

दुसरं काम रस्त्याचं. शहर चार चौरस मैलांचं, म्हणजे बहुतेक मुलांची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. तरीही आईबाप गाडीने सोडतात, कारण क्रॉसिंगवर भीती वाटते, आणि शाळेसमोर जितक्या गाड्या जास्त तितकी भीती जास्त, मग उरलेलेही गाडीने सोडायला लागतात. असं ते चक्र.

इथे पोषणशास्त्रज्ञाचं काही चालत नाही. इथे लागतो रस्ते खात्याचा माणूस, ट्रॅफिक पोलीस, आणि पांढऱ्या रंगाचे डबे. शाळांजवळची क्रॉसिंगं पुन्हा रंगवली, मुलांना रस्ता ओलांडून देणारे गार्ड जिथे खरंच गरज आहे तिथे उभे केले, सुरक्षित रस्त्यांचे नकाशे पालकांना वाटले, आणि पायी चालणारे व सायकलवाले यांच्यासाठी शहराने खास एक समन्वयक नेमला. रंगवलेलं क्रॉसिंग कोणालाही उपदेश करत नाही. ते जाड मुलासाठी वेगळं आणि बारीक मुलासाठी वेगळं नसतं. आजी पण त्यावरून जाते. म्हणून मला हा भाग फार जवळचा वाटतो, कारण यात कुठल्याही मुलाला लाज वाटण्याचा प्रश्नच येत नाही.

बाकी गोष्टी थोडक्यात सांगते. शहरातल्या काही रेस्टॉरंटना ‘शेप अप अप्रूव्हड’ असा शिक्का दिला, अटी साध्या होत्या, लहान पोर्शन मिळायला हवा, फळं-भाज्या सोबत मागता यायला हव्यात, कमी फॅटचं दूध-दही असावं आणि हे पर्याय दिसतील असे लावावेत. रेस्टॉरंटवाल्यांना वेळ नसतो, मार्जिन कमी असतं, त्यामुळे यात सगळे आले नाहीत. स्थानिक डॉक्टरांनाही वाढीचे तक्ते वापरण्याबद्दल आणि पालकांशी बोलण्याबद्दल ट्रेनिंग झालं. घरी न्यूजलेटर जायची, पालकांच्या भाषांमधून.

राजकारण पण आलंच. जो कर्टाटोन हे २००४ च्या जानेवारीत महापौर झाले, म्हणजे काम नुकतं शाळांमध्ये सुरू झालं होतं तेव्हा. नवा महापौर आला की आधीच्यांच्या काळात सुरू झालेलं काम बासनात जातं हा बहुतेक ठिकाणचा अनुभव. इथे उलटं झालं, त्यांनी ते स्वतःचं मानलं. महापौर बाजूने असला की रस्ते खात्याचा साहेब फोन उचलतो, हे ज्यांनी कधी सरकारी कामासाठी चकरा मारल्यात त्यांना वेगळं सांगायला नको.

आकडे काय म्हणतात

पहिल्या शालेय वर्षाचे निकाल मे २००७ मध्ये ‘ओबेसिटी’ या जर्नलमध्ये आले. एकूण १,१७८ मुलं, त्यातली ३८५ समरव्हिलची आणि बाकीची मॅसॅच्युसेट्समधल्याच दुसऱ्या दोन तशाच प्रकारच्या शहरांतली, जिथे काही केलं नव्हतं. मुलं वाढत असतात म्हणून नुसतं वजन बघून चालत नाही, वय आणि मुलगा-मुलगी लक्षात घेऊन बीएमआय झेड-स्कोअर काढतात. बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन, आणि झेड-स्कोअर म्हणजे हे मूल त्याच वयाच्या मुलांच्या सरासरीपासून किती दूर आहे ते. समरव्हिलच्या मुलांचा हा स्कोअर तुलनेतल्या मुलांपेक्षा सुमारे ०.१० ने खाली आला. साध्या भाषेत, आठ वर्षांच्या मुलाचं आठ महिन्यांत जेवढं वजन वाढलं असतं त्यापेक्षा साधारण एक पाउंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, कमी वाढलं.

अर्धा किलोसुद्धा नाही! एवढ्यासाठी एवढा खटाटोप, असं वाटलं ना? मला वाटतं इथेच बहुतेक लोक केस बंद करतात. पण हा आकडा सरासरीचा आहे, आणि त्यात सगळीच मुलं आहेत, बारीक, मध्यम, जाड. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोज यांनी १९८५ मध्येच मांडलेला मुद्दा आहे की अख्ख्या समाजाची सरासरी थोडी सरकवली तर टोकाला असलेल्यांची संख्या लक्षणीय कमी होते, भले एकेका माणसाला त्यात फारसा फायदा जाणवत नाही. एखाद्या मुलाच्या आईला विचारलं असतं तर तिला काही फरक दिसलाही नसता. पण काठावर उभी असलेली मुलं पलीकडे पडली नाहीत, आणि जे पडलं नाही ते कोणाला दिसत नाही, रोग रोखण्याच्या कामाचं हेच तर दुःख आहे.

दोन वर्षांचे निकाल नंतर २०१३ मध्ये आले, त्यात फरक ०.०६ राहिला, म्हणजे परिणाम टिकला पण कमी झाला. जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण मात्र तुलनेतल्या शहरांपेक्षा घटलेलं दिसलं. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या पेपरमध्ये, पालकांनी सांगितलेल्या माहितीवरून, मुलं रोज तुलनेने सुमारे २ औंस म्हणजे ६० मिली कमी गोड पेय पीत होती, आणि स्क्रीनसमोरचा वेळ दिवसाला पंधरा मिनिटांच्या आसपास कमी होता. बघा, सगळे आकडे असेच बारके आहेत. साठ मिली, पंधरा मिनिटं. १२५ कॅलरीचं गणित असंच चिल्लर गोळा करून जुळतं.

आणि एक गोष्ट ज्याची कोणी योजनाच केली नव्हती. २०१५ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की समरव्हिलच्या त्या मुलांच्या आईवडिलांचा बीएमआय सुद्धा तुलनेतल्या पालकांपेक्षा ०.४ च्या आसपास कमी झाला होता. मध्यम उंचीच्या माणसासाठी हे साधारण किलोभर होतं. पालकांवर थेट कोणी कामच केलं नव्हतं, काम मुलांवर होतं. आपण कायम म्हणतो पालक सुधारले की मुलं सुधारतील, इथे गाडी उलट दिशेने पण चालली.

शंका, आणि त्या रास्त आहेत

ही केस मला मनापासून आवडते म्हणून तिच्यातल्या फटी झाकणार नाही. एक तर ही चिठ्ठी टाकून निवडलेली शहरं नव्हती, समरव्हिल आधीच ठरलं होतं आणि बाकी दोन तुलनेसाठी घेतली. एका बाजूला एकच शहर, त्यामुळे त्या काळात समरव्हिलमध्ये दुसरंच काही घडून फरक पडला असेल ही शक्यता पूर्ण खोडता येत नाही. मोजमापासाठी पालकांची परवानगी लागायची, म्हणजे ज्यांनी दिली नाही ती मुलं हिशोबात नाहीत, आणि नेमकी तीच जास्त अडचणीत असू शकतात. गोड पेयं आणि स्क्रीनचे आकडे पालकांच्या तोंडचे आहेत, आणि शाळेतून न्यूजलेटर येत असताना कोणता पालक खुशाल सांगेल की पोरगं चार तास टीव्ही बघतं?

सगळ्यात मोठी शंका ही की नेमकं कशाने झालं. नाश्त्याने, क्रॉसिंगने, सफरचंदाच्या फोडींनी की महापौरांनी? एकाच वेळी सगळं केलं म्हणून वेगळं काढता येत नाही. काही जण यावरून म्हणतात की मग शिकलो काय. मला हा आक्षेप समजतो पण पटत नाही पूर्ण, कारण आजारच जर दहा ठिकाणांहून थोडा थोडा येतो तर त्यातलं एक ठिकाण वेगळं काढून मोजलं की परिणाम शून्य येणार हे ठरलेलंच आहे, आणि मग आपण म्हणणार चालण्याने काही होत नाही, जेवण बदलून काही होत नाही, आणि शेवटी परत आईवर येऊन थांबणार.

हे एकट्या समरव्हिलमध्येच झालं असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात कोलॅक नावाच्या छोट्या गावात २००३ ते २००६ मध्ये ‘बी अ‍ॅक्टिव्ह ईट वेल’ नावाने असंच अख्ख्या गावाला धरून काम झालं आणि तिथल्या मुलांचं वजन तुलनेतल्या मुलांपेक्षा साधारण किलोभर कमी वाढलं. तिथेही ट्रेनिंग, शाळेचं खाणं, चालणं, स्थानिक लोकांच्या हातात सूत्रं, सगळं मिळूनच.

याच्या उलट बाजूचं उदाहरण मॅसॅच्युसेट्समध्येच सापडतं. राज्याने २००९ मध्ये शाळांना मुलांचा बीएमआय मोजणं बंधनकारक केलं आणि तो निकाल पालकांना पत्राने कळवायचा नियम आणला. समरव्हिलनेही मुलांच्या तब्येतीचा रिपोर्ट घरी पाठवला होता, पण तिथे त्याच्यासोबत बाकी सगळं बदलत होतं. नुसतं पत्र आलं तर काय होतं, मूल दप्तरातून पाकीट आणतं, आईला वाटतं आपल्यावर ठपका आला, पोराला वाटतं आपल्यात काहीतरी खोट आहे, आणि दुसऱ्या दिवशी कॅन्टीन तेच, रस्ता तोच. भरपूर तक्रारी झाल्या आणि २०१३ मध्ये पत्राची सक्ती काढून टाकावी लागली. कॅलिफोर्नियातल्या शाळांवर २०२१ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासातही बीएमआयचे रिपोर्ट घरी पाठवून मुलांच्या वजनात सुधारणा दिसली नाही. मोजायला माझी हरकत नाही, मोजल्याशिवाय समरव्हिललाही कळलं नसतं, पण मोजमाप शहराला जाब विचारायला वापरायचं की आठ वर्षांच्या पोराला, हा फरक आहे.

अनुदान संपल्यावर

अनुदानावर चालणारी कामं अनुदानासोबत मरतात. हे इतकं नेहमीचं आहे की त्याचं वाईट वाटणंही बंद झालंय. तीन वर्षं झाली, पेपर छापला, फोटो काढले, संपलं. समरव्हिलमध्ये तसं झालं नाही, कारण मधल्या काळात कामाचे तुकडे वेगवेगळ्या खात्यांच्या अंगवळणी पडले होते. शेप अप समरव्हिल हा युनिव्हर्सिटीचा प्रोजेक्ट न राहता नगरपालिकेच्या आरोग्य खात्याचा कार्यक्रम झाला, त्याला स्वतःचा समन्वयक आणि खात्याखात्यांतली माणसं एकत्र बसणारी समिती मिळाली. रस्ते-पायवाटांच्या कामाला रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशन या आरोग्यासाठी अनुदान देणाऱ्या संस्थेच्या ‘अ‍ॅक्टिव्ह लिव्हिंग बाय डिझाइन’ कार्यक्रमातूनही आधार मिळाला. फेब्रुवारी २०१० मध्ये मिशेल ओबामांनी मुलांच्या लठ्ठपणाविरुद्ध ‘लेट्स मूव्ह’ मोहीम सुरू केली तेव्हा त्या कार्यक्रमात बोलायला महापौर कर्टाटोन होते.

त्यानंतरही नव्या गोष्टी जोडल्या गेल्या. २०११ मध्ये फिरता भाजीबाजार सुरू झाला, जो सार्वजनिक घरकुलांच्या वस्तीत जाऊन भाजी विकतो आणि तिथल्या लोकांना स्वस्तात देतो. २०१२ मध्ये शहरी शेतीचा नियम झाला, त्याने घराच्या अंगणात पिकवलेलं विकायला आणि कोंबड्या-मधमाश्या पाळायला रीतसर वाट मिळाली. यातलं काहीच २००३ च्या आराखड्यात नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला सलते. या सगळ्या वर्षांत समरव्हिल चांगलं चांगलं होत गेलं, रस्ते चांगले, बाजार चांगले, पुढे ट्रेनची नवी लाइनही आली, आणि घरभाडी चढत गेली. ज्या ब्राझिलियन, साल्वादोरी, हैतियन कुटुंबांच्या मुलांसाठी हे सगळं उभं केलं त्यांच्यापैकी कित्येकांना तिथे राहणं परवडेनासं झालं. शहराचे आकडे मग सुधारलेले दिसतीलही, पण मुलं निरोगी झाली म्हणून की ज्यांना गरज होती ती मुलं दुसऱ्या गावाला गेली म्हणून, हे एका आकड्यावरून कळत नाही. म्हणून असं काम हातात घेणाऱ्या कोणत्याही शहराने उंची-वजनासोबत कोण शहर सोडून जातंय याचीही नोंद पहिल्या वर्षापासून ठेवावी आणि भाड्याचा विषय आरोग्य समितीच्या टेबलावरच घ्यावा, गृहनिर्माण खात्याचा माणूस त्या बैठकीला कॅन्टीनच्या मॅनेजरशेजारी बसलेला असायला हवा.